बाबासाहेबांच्या आजारपणातले सोबती



न्यूयॉर्कला गेलो की कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यापाशी आपण फोटो काढतो. याच विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांच्यासोबत राहत होता. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी लंडनला परत जायचे होते, तेव्हा भथेनांनी पैशांची मदत केली. बाबासाहेबांना मदत घेण्यात कमीपणा वाटला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

२७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुन्हा लग्न करायचे नाही, असे बाबासाहेबांनी ठरवले होते. पण पुढे मधुमेह बळावला, रक्तदाब आणि संधिवात होताच. १९४८ च्या सुरुवातीला पायांच्या वेदनांनी त्यांना रात्र रात्र झोप नव्हती. संविधानाचा मसुदा तयार होत होता तो याच दिवसांत! अखेर आपल्याला सांभाळणारे कोणीतरी हवे, हे त्यांनी दादासाहेब गायकवाडांना पत्राने मोकळेपणाने कळवले. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. इन्सुलिनचे इंजेक्शन, पथ्याचे जेवण, औषधांच्या वेळा, सगळे त्यांनी पाहिले.

इथे अमेरिकेत आपल्यापैकी कितीजण साखर वाढल्याचे घरच्यांनाही सांगत नाहीत! ऑफिसात तर नाहीच, आणि गावी फोनवर सगळे ठीकच असते. बाबासाहेबांनी मात्र १९५१ मध्ये मंत्रिपद सोडण्याआधी पंतप्रधानांना आपल्या प्रकृतीबद्दल लेखी कळवले होते.

आणि नानकचंद रत्तू. हा पंजाबी तरुण दिल्लीत सरकारी नोकरी करायचा आणि कचेरी सुटली की बाबासाहेबांकडे येऊन रात्री उशिरापर्यंत टाइप करत बसायचा, त्यांचे पाय चेपायचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात रत्तूंच्या खांद्यावर होता. ५ डिसेंबरच्या रात्रीही रत्तू उशिरापर्यंत त्यांच्याजवळ होते.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये प्रस्तावना लिहिली. आजारपणातून आपल्याला जगवल्याबद्दल त्यांनी तिच्यात माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे आभार मानले आहेत. टंकलेखनाबद्दल रत्तू आणि प्रकाशचंद यांचेही मानले आहेत. १९५७ मध्ये ग्रंथ निघाला तो या प्रस्तावनेविना. तोवर माईसाहेबांवर संशय घेतला जाऊ लागला होता, आणि ज्या समाजासाठी त्यांनी बाबासाहेबांना जपले त्यापासून त्यांना बरीच वर्षे दूर राहावे लागले. २९ मे २००३ रोजी त्यांचे निधन झाले.

तुमच्या घरातल्या प्रतीत ती प्रस्तावना आहे का, ते जरूर पाहा. नसेल तर मिळवा, आणि पुढच्या वंदनेला मोठ्याने वाचा.