अध्यापनात रमलेले कुरुंदकर गुरुजी

हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा हे नरहर कुरुंदकर यांचे मूळ गाव. १५ जुलै १९३२ रोजी जन्मलेले कुरुंदकर शिक्षणासाठी हैदराबादला गेले. तेथे ते ग्रंथालयात रमले. इंटरच्या परीक्षेत मात्र वारंवार अनुत्तीर्ण झाले. पदवी हाती नसतानाच त्यांनी नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात शिक्षकाची नोकरी धरली. चरितार्थासाठी पत्करलेले हे कामच पुढे त्यांच्या जीवनाचा आनंद ठरले. एम.ए. होऊन ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व नंतर प्राचार्य झाले. ‘जागर’, ‘शिवरात्र’ यांसारख्या ग्रंथांनी महाराष्ट्रभर कीर्ती मिळूनही त्यांनी नांदेड सोडले नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी तत्कालीन औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. परीक्षांनी नाकारलेला हा विद्यार्थी अखेरपर्यंत नांदेडकरांचा ‘गुरुजी’ राहिला.