साताऱ्याची आत्या आणि कलम ४१

साताऱ्यातले बाबासाहेबांचे बालपण म्हटले की आम्हाला वर्गातले गोणपाट आठवते, मसूर स्टेशनावर गाडीवानांनी नाकारलेली पोरे आठवतात. त्याच घरात एक अपंग बाई होती, हे मात्र आम्ही जयंतीच्या भाषणांत सांगत नाही. आज ते सांगितलेच पाहिजे.

१८९६ साली भीमाबाई साताऱ्यात वारल्या, तेव्हा भीवा अवघा पाच वर्षांचा होता. पोरक्या लेकरांना आत्या मीराबाईंनी माया दिली. आत्या ठेंगण्या आणि पायांनी अधू होत्या. कुणाच्या आधाराशिवाय त्यांना हिंडता येत नसे, कित्येकदा उचलूनच न्यावे लागे. सुभेदार रामजी नोकरीसाठी गोरेगावला गेल्यावर पोरे शाळा सांभाळून स्वतःच रांधू लागली. भाकरी जमेना, म्हणून पुलाव शिजवून भागवू लागली. वडिलांनी सुट्टीत बोलावले, तेव्हा आत्यांना शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून मुले निघाली. पुढे मसूरला काय घडले, ते आपण जाणतोच.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत रजिस्टर क्रमांक १९१४ वर भीवाचे नाव लागले. शाळेत जातीने दूर बसविलेला मुलगा आणि घरात शरीराने जखडलेली आत्या! मनुवादाचे दोघांनाही एकच उत्तर होते : मागच्या जन्मीचे पाप. पुढे धम्माची मांडणी करताना बाबासाहेबांनी हा पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांतच ठामपणे नाकारला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात अडारकरांच्या अहवालातून कामगार विम्याची योजना आकाराला आली आणि १९४८ साली तिचा कायदा झाला. आजारपणाबरोबरच कामावर अपंगत्व आलेल्या कामगारालाही त्यात आधार मिळाला. त्यानंतर संविधानाचे कलम ४१ आले. काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजार, अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळवून देण्याची जबाबदारी त्याने राज्यावर टाकली. या कलमामागे आत्याच होत्या, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. पण मसुदा समितीच्या अध्यक्षांना अपंगत्व म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. शेवटी मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने तेही काठीवर आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर ते एका हाती काठी आणि दुसरा हात सहकाऱ्याच्या खांद्यावर ठेवून उभे राहिले. लाखोंना उभे करणाऱ्या माणसाला आधार घेण्यात कमीपणा वाटला नाही.

कलम ४१ ला मात्र आर्थिक कुवतीची अट होती आणि कोर्टात दाद नव्हती. म्हणून अपंगांसाठी स्वतंत्र कायदा व्हायला १९९५ साल उजाडले. त्यात नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण मिळाले. २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्के केले आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. आत्यांसारखा बुटकेपणा आज त्या यादीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला.

पण 'दिव्यांग' या शब्दाने आम्हाला 'हरिजन' आठवतो. गोड नाव दिले की हक्क देण्याची घाई उरत नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली देशाला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले. पदकविजेत्याची ही कथा, तर आमच्या वस्तीतल्या पांगळ्या मजुराचे काय? त्याला जातही आडवी येते आणि कचेरीचा जिनाही.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे, असा राज्याचा नियम आहे. सातारा-सांगलीतल्या आमच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत त्याचा हिशेब मागावा. त्या सभेला वस्तीतल्या आत्यांना उचलून न्यावे लागले, तरी न्यावे. त्यांच्यावाचून आमची जयंती अपुरी आहे.