महादेव गोविंद रानडे आणि शेतकऱ्यांचा कर्जकायदा

महादेव गोविंद रानडे (१८ जानेवारी, १८४२ – १६ जानेवारी, १९०१) हे न्यायाधीश, अर्थतज्ज्ञ, इतिहासकार व समाजसुधारक होते. प्रार्थना समाज, पुणे सार्वजनिक सभा आणि सामाजिक परिषद यांतील त्यांचे कार्य सर्वपरिचित आहे. त्या मानाने त्यांच्या आयुष्यातील एका मोठ्या भागाची चर्चा कमी होते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची जमीन, घर व कूळ म्हणून असलेला हक्क यांचे काय व्हावे, या प्रश्नाशी न्यायाधीश म्हणून त्यांचा सुमारे एक तप रोजचा संबंध होता.

प्रारंभीचे जीवन

रानडे यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते व पुढे कोल्हापूर संस्थानात गेले. रानडे यांचे प्राथमिक शिक्षण कोल्हापुरात आणि पुढील शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांत ते होते. १८६२ मध्ये बी. ए. व १८६६ मध्ये एल्‌एल. बी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. काही काळ अध्यापन आणि संस्थानी नोकरी केल्यानंतर १८७१ मध्ये ते पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० मध्ये स्थापन केलेल्या सार्वजनिक सभेचे ते लवकरच बौद्धिक आधारस्तंभ बनले.

दख्खनमधील कर्जबाजारीपणा

रानडे पुण्यात स्थिरावत असतानाच जिल्ह्यातील शेतकरी व सावकार यांच्यातील संबंध तुटण्याच्या बेतात आले होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले व पतही सैल झाली. युद्ध संपताच भाव कोसळले, आणि त्याच सुमारास फेरजमाबंदीने शेतसारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी त्यावर निशाणी करी. पुढे समन्स निघे, ऋणको न्यायालयात हजर राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

जमीन गहाण टाकणारा किंवा विकून देणारा शेतकरी पुष्कळदा तीच जमीन सावकाराकडून खंडाने कसत राही. कागदोपत्री तो कूळ ठरे व व्याजालाच खंड हे नाव मिळे. खंड थकला की प्रश्न केवळ कर्जाचा राहत नसे. ज्या शेतावर बापजाद्यांची वहिवाट होती, तेथूनच थकबाकीदार कूळ म्हणून त्याला काढता येत असे. दिवाळे आणि बेदखली या दोन गोष्टी अशा रीतीने एकाच कागदात बांधल्या गेल्या होत्या.

जिल्ह्याच्या वायव्येकडील डोंगराळ भागात असंतोषाचा स्फोट आधी झाला. आंबेगाव तालुक्यातील जांभोरी येथील होन्या भागोजी केंगले यांनी १८७३ पासून सावकारांवर हल्ले सुरू केले. शिनोली व घोडेगावच्या पश्चिमेस असलेला हा महादेव कोळ्यांचा मुलूख आहे. सरकारने बक्षीस लावूनही होन्या १८७६ पर्यंत हाती लागले नाहीत. दरम्यान १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांची दुकाने व घरे लुटली आणि दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. कागद हाती आले की जाळले जात, आणि सावकाराने ते आपणहून दिले तर बहुधा मारहाण होत नसे. लोकांना संकटाचे मूळ कुठे दिसत होते, हे यावरून कळते.

१८७९ चा कायदा

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८७६ मध्ये अहवाल दिला. पाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला. सार्वजनिक सभेने दुष्काळातील परिस्थितीची माहिती गोळा केली आणि १८७८ पासून त्रैमासिक सुरू केले, त्यातील बरेच लेखन रानडे यांचे होते. सरकारला ही चळवळ रुचली नाही. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला व पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात धुळ्याला बदली झाली. काही काळ त्यांच्यावर संशयाची नजर होती.

त्याच वर्षी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. कागदावर काहीही लिहिलेले असले तरी न्यायाधीशाने व्यवहाराच्या प्रारंभापासूनचा हिशेब तपासावा, मुद्दल व व्याज वेगळे मांडावे आणि व्याज सरळ धरावे, असे त्यात सांगितले होते. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी फेडण्याची मुभा देता येई. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक करण्यास मनाई झाली. स्पष्टपणे गहाण न दिलेली स्थावर मिळकत साध्या कर्जासाठी विकता येईनाशी झाली. दावा दाखल करण्यापूर्वी तडजोडकाराकडे जाणे आवश्यक ठरले.

दिवाळखोरीसंबंधीचे प्रकरण हा कायद्याचा सर्वांत नवा भाग होता. पन्नास रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्यास नादारीसाठी अर्ज करता येई. त्याची जंगम मालमत्ता विकली जाई. परंतु त्याच्या व कुटुंबाच्या निर्वाहाला लागणारी जमीन बाजूला ठेवून उरलेलीच जिल्हाधिकाऱ्याच्या ताब्यात जाई. जिल्हाधिकारी जास्तीत जास्त सात वर्षे तिची व्यवस्था पाहून उत्पन्न धनकोंना देई. दिवाळे निघाले तरी माणूस गावातून उठू नये, ही त्यामागील कल्पना होती. प्रत्यक्षात या प्रकरणाचा वापर फारच थोडा झाला. नादार ठरलेल्याला पुढच्या पेरणीला बियाणे उधार कोण देणार, या अडचणीला कायद्यात उत्तर नव्हते.

विशेष न्यायाधीश

१८८१ मध्ये मुंबईस काही महिने दंडाधिकारी म्हणून काम केल्यावर रानडे पुण्यास परतले आणि या कायद्याखालील दुय्यम न्यायालयांच्या तपासणीचे काम त्यांच्याकडे आले. आधी डॉ. पोलन यांचे साहाय्यक व १८८७ पासून स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून ते चारही जिल्ह्यांत फिरत. लहान दाव्यांवर अपील नसल्यामुळे विशेष न्यायाधीशाची तपासणी हाच शेतकऱ्यासाठी वरचा दरवाजा होता. हिशेब खरोखर उघडून पाहिला की जुन्या सवयीने रोख्यावरचा आकडा मान्य केला, हे दप्तर तपासूनच कळत असे. या दौऱ्यांत पत्नी रमाबाई अनेकदा बरोबर असत. त्यांच्या आठवणींत या फिरतीच्या संसाराचे चित्र आढळते.

कूळ, खंड आणि पत यांविषयीचे विचार

रानडे यांनी परदेशी कायद्यांचा अभ्यास आपल्या प्रश्नासाठी केला. १८८३ मध्ये बंगालच्या कूळकायद्याचे विधेयक चर्चेत असताना त्यांनी त्याची तुलना प्रशियातील जमीनसुधारणेशी केली. कूळ व जमीनदार यांच्यात मालकी अर्धी-अर्धी वाटून ठेवण्यापेक्षा मोबदला देऊन कुळाला पूर्ण मालक करावे, असे त्यांचे मत होते. १८८५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने भोगवट्याचा हक्क असलेल्या कुळास खंडाच्या थकबाकीसाठी थेट बेदखल करण्यास मनाई केली, मात्र त्या खंडाच्या हुकूमनाम्यात त्याची धारण जमीन विकता येईल असेही ठरवले. थकबाकीदाराचा हक्क वाचला तो लिलावापर्यंतच.

कर्जदाराला संरक्षण देणारा हा न्यायाधीश सावकारीचा सरसकट शत्रू मात्र नव्हता. जमीन निष्कांचन हातांतून भांडवल असलेल्या हातांत जाण्याची प्रक्रिया कायद्याने पूर्णपणे रोखता येणार नाही, असे ते मानत. या मतावर पुढील अभ्यासकांनी टीका केली आहे आणि ती निराधार नाही; जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातील कुटुंबाला जमीन गेल्यावर दुसरा धंदा उपलब्ध नव्हता. रानडे यांचा भर स्वस्त पतपुरवठ्यावर होता. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी मांडलेल्या शेतकी बँकेच्या योजनेस पुण्यातील पुढाऱ्यांचा पाठिंबा होता. ती लंडनमध्ये भारतमंत्र्यांनी नामंजूर केली. १८९१ मध्ये पुण्यातील औद्योगिक परिषदेत रानडे यांनी पतव्यवस्थेच्या पुनर्रचनेवर निबंध वाचला. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला, तेव्हा ते हयात नव्हते.

उत्तरायुष्य व नंतरचा काळ

काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांचे अर्थशास्त्रीय निबंध १८९८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. मुंबईतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच मुंबई विधिमंडळात जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीवरून वादळ उठले. साऱ्याच्या थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना हस्तांतराचा हक्क वगळावा, अशी ती दुरुस्ती होती. रानडे यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी तिला विरोध केला व फिरोजशहा मेहता यांच्यासह सभात्याग केला.

१८७९ च्या कायद्यात पुढे भर पडत गेली. विक्री म्हणून लिहिलेला व्यवहार वस्तुतः गहाण आहे काय, हे तपासण्याचा अधिकारही न्यायालयास मिळाला. राहत्या घराच्या बाबतीत दिवाणी प्रक्रिया संहितेने शेतकऱ्याचे घर जप्तीतून वगळले होते. १९०८ च्या संहितेच्या ६० व्या कलमात ही सूट शेतकऱ्याबरोबर मजूर व घरगड्यालाही आहे. त्याच कलमात एक अपवादही आहे. हुकूमनामा त्याच घराच्या किंवा जागेच्या भाड्याचा असेल, तर ही सूट लागू होत नाही.