पुलफ्रिख यांना न दिसलेला लंबक

एक डोळा झाकून सुईत दोरा ओवायला गेलो तर हात चुकतो. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटर अंतर असते. दोघांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात आणि त्या फरकावरून मेंदू वस्तू किती लांब आहे ते ठरवतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुलफ्रिख (१८५८-१९२७) यांनी हीच युक्ती डोंगर मोजायला वापरली.

१८९० मध्ये ते येना शहरातील झाइस कंपनीत आले. १९०१ मध्ये त्यांनी स्टिरिओकम्पॅरेटर हे यंत्र तयार केले. एकाच डोंगराचे दोन ठिकाणांहून काढलेले फोटो त्यात ठेवायचे आणि एकेका डोळ्याने एकेक पाहायचा. डोंगर उठून दिसे. त्यावर तरंगणारी खूण हव्या त्या जागी टेकवली, की ती जागा दोन फोटोंत किती सरकली ते मोजता येई आणि त्यावरून अंतर व उंची निघे. कड्यावर चढायलाच नको! आज छोटे उपग्रह वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतात आणि संगणक उंचीचे नकाशे करतो, त्यामागचे तत्त्व हेच.

पण १९०६ च्या सुमारास पुलफ्रिख यांची एका डोळ्याची दृष्टी गेली. आपल्याच यंत्रातला उठाव त्यांना दिसेना. काम मात्र थांबले नाही.

यंत्र वापरणाऱ्यांची एक तक्रार होती. दोन फोटोंचा उजेड सारखा नसेल, तर प्लेट हलवताना खूण पुढे-मागे झाल्यासारखी वाटे. अंधुक चित्राचा संदेश मेंदूला उशिरा पोहोचतो, हे कारण फेर्च या सहकाऱ्याने सुचवले. पुलफ्रिख यांनी १९२२ मध्ये ते सविस्तर मांडले. एका डोळ्यासमोर काळी काच धरून सरळ रेषेत झुलणारा लंबक पाहिला, तर तो लंबगोलात फिरताना दिसतो. हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांना स्वतःला तो कधी पाहता आला नाही. १९२७ मध्ये बाल्टिक समुद्रात होडी उलटून ते बुडाले.

डोळ्याच्या नसेला सूज आलेल्या (ऑप्टिक न्यूरायटिस) काही रुग्णांना काळी काच न लावताही असेच दिसते. त्या नसेतून संदेश हळू जातो. चेंडू झेलताना, रस्ता ओलांडताना अंदाज चुकतो. तक्त्यावरची अक्षरे मात्र नीट वाचता येतात, म्हणून घरचे आणि कधी डॉक्टरही ही तक्रार मनाची समजतात. ती मनाची नसते. चांगल्या डोळ्यासमोर गडद काच दिली तर काहींना बरे वाटते, कारण मग त्या डोळ्याचा संदेशही तेवढाच उशिरा पोहोचतो.