हिमालयाची फुले, विलायतेची थंडी

देगलूरच्या शिवारातील आंबा-जांभळांना उन्हाशी झुंजावे लागते. गोठविणाऱ्या थंडीशी त्यांची सहसा गाठ पडत नाही. रुंद पानांची सदाहरित झाडे हिमातही तग धरतील काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील उद्यानांपुढे मात्र उभा होता. त्याची उकल करण्यात सर जोसेफ डाल्टन हूकर यांचा मोठा वाटा होता.

हूकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी हेल्सवर्थ येथे झाला. ग्लासगो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी १८३९ ते १८४३ या काळात दक्षिण ध्रुवाकडील सागरसफर केली. १८४८ मध्ये ते दार्जिलिंगला आले आणि सिक्कीमचे डोंगर पायाखाली घातले. १८४९ च्या अखेरीस डॉ. कॅम्पबेल यांच्यासह त्यांना तेथे कैदही भोगावी लागली. पण संशोधन थांबले नाही.

या भटकंतीत त्यांनी बुरांसाच्या कुळातील, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, अनेक नव्या जाती शोधून त्यांचे बियाणे क्यू उद्यानात धाडले. तेथून ते ब्रिटनभर वाटले गेले आणि खरी परीक्षा सुरू झाली. झाडांवर वाढणारी, सुगंधी फुलांची डलहौसी जात काचगृहाबाहेर टिकेना. लाल फुलांची थॉमसनी आडोशाच्या जागी उघड्यावर रुजली. सिलिएटम जगली, पण लवकर उमलणारी तिची फुले दहिवराने करपत.

यातून मोठा बोध झाला. झाड किती उंचीवरचे आहे, एवढ्यावरून त्याचा काटकपणा ठरत नाही. हिमालयात हिवाळा सलग असतो आणि बर्फाचे पांघरूण लहान झुडपांना जपते. विलायतेत मध्येच ऊब येते, अंकुर फुटतात आणि उशिराचे हिम त्यांना जाळून टाकते. म्हणून माळ्यांनी नाजूक जातींचा काटक जातींशी संकर केला.

हूकर १८६५ ते १८८५ पर्यंत क्यूचे संचालक होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील वनस्पतींवरील त्यांचा सात खंडांचा ग्रंथ १८९७ मध्ये पूर्ण झाला. पुण्यात प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांना मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशासाठी त्याचा मोठा आधार मिळाला. १० डिसेंबर १९११ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, हूकर यांचे निधन झाले. त्यांनी आणलेल्या जातींचे वंशज मात्र आजही दरवर्षी हिवाळ्याची परीक्षा देत फुलत आहेत.