इफ-एल्समागचा मास्तर

सीच्या लॅबमध्ये आपण इफच्या कंसात अट टाकतो. ती खरी की खोटी, त्यावर प्रोग्रॅमची वाट ठरते. या खऱ्या-खोट्याचं गणित मांडणारा जॉर्ज बूल १८१५ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावी जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्मला. घर चालवायला सोळाव्या वर्षीच मास्तरकी करू लागला. गणित स्वतःच पुस्तकं वाचून शिकला आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात प्रोफेसर झाला, तेही डिग्रीशिवाय! (केटीवाल्यांनी सोयीचा अर्थ काढू नये.)

१८५४ च्या ग्रंथात त्याने विचारच बीजगणितात बसवला. लाल वस्तूंतून पुन्हा लाल निवडल्या तर त्याच उरतात; म्हणजे एक्सचा वर्ग बरोबर एक्स. अंकांत हे फक्त ० आणि १ ला जमतं. 'अँड' म्हणजे गुणाकार: एक अट ०, की सगळंच ०. १९३७ मध्ये क्लॉड शॅननने हेच रिलेच्या सर्किटना लावलं.

बूलला ते दिसलं नाही. १८६४ च्या नोव्हेंबरात तो भर पावसात चालत कॉलेजात गेला, ओल्या कपड्यांतच लेक्चर घेतलं. न्यूमोनिया झाला आणि ८ डिसेंबरला तो गेला. वय ४९. मागे पत्नी आणि पाच मुली. धाकटी जेमतेम सात महिन्यांची.