नाकारलेले नाटक, अखंड लेखणी

तुये-पेडण्याहून पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडे कादंबरीचे हस्तलिखित धाडून उत्तराची वाट पाहणाऱ्या नवोदितांनी महात्मा जोतीराव फुले यांचे लेखकीय चरित्र आठवावे. १८५५ मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीला सादर केले. ही कमिटी नव्या मराठी पुस्तकांना बक्षिसे देत असे. धर्माच्या नावाखाली होणारी अज्ञ कुणब्याची लुबाडणूक दाखविणारे हे नाटक ब्राह्मण सभासदांच्या विरोधामुळे नाकारले गेले.

जोतीरावांनी नाटक बाजूला ठेवले, लेखणी नव्हे. पुढे त्यांचे ‘ब्राह्मणांचे कसब’ प्रसिद्ध झाले. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे छापून ‘दीनबंधू’ने हात आखडता घेतला. हा नकार स्वकीयांचा होता. जोतीरावांनी तो ग्रंथ मुंबई, ठाणे, जुन्नर येथील श्रोत्यांना स्वतः वाचून दाखविला. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी डाव्या हाताने लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये निघाले.

‘तृतीय रत्न’ छापले गेले १९७९ मध्ये. नकारानंतर तब्बल १२४ वर्षांनी. कमिटीची बक्षिसे आज विस्मृतीत गेली आहेत. नाटक वाचले जात आहे.